कंसात हुंदका

बाबा, तुमच्या जागी आता मोबाईल बसतो. आंबागडच्या मंडईचं नाटक अजून होतं, दिवाळीनंतर जत्रा भरते, लेकी-जावई येतात, मंडप पडतो. फक्त विंगेत मांडी घालून, संहितेवर बोट ठेवून नटांना ओळी पुरवणारा माणूस नको झालाय. ओळी यंत्र वाचतं, नट कानात बिनवायरची बोंडं खुपसून ऐकतात आणि म्हणतात. याला प्रगती म्हणतात. मीही म्हणतो, गॅजेटांवर लिहूनच पोट भरतो ना. यंदाच्या फोनचा कॅमेरा गेल्या वर्षीपेक्षा किती सुजला, यावर तुमसरला बसून मी दोन पानं काढतो. पुस्तकांचा अर्क पंधरा मिनिटांत कानात ओतणारं ॲपसुद्धा वापरून पाहिलं. कादंबरीतलं अख्खं घर मेलं आणि मला त्यातून यशाची सूत्रं मिळाली. किळस आली. वर्गणी मात्र चालू आहे.

परवा दुपारी तालमीला बोलावणं आलं. "तू यंत्रातला माणूस, येऊन पाय जरा," किराणावाले काका म्हणाले. नायक अजून तेच. केस काळे, गुडघे गेलेले. समाजमंदिरात मी मंडळाचा फोन जोडून दिला आणि मरणाचा प्रवेश सुरू झाला. काका लेकीच्या डोक्यावर हात ठेवतात, कानात येईल तसं बोलतात: "पोरी, मी चाललो. कंसात हुंदका. आईला सांभाळ." यंत्रानं कंसासकट वाचलं होतं. मी हसू दाबून आजूबाजूला पाहिलं, तर कोणी थांबलंच नाही. लेक झालेली नटी रडत राहिली आणि दिग्दर्शक मोबाईल उभा धरून म्हणाले, "बेस झालं. रील टाकून देऊ."

तुम्ही काही फार चांगले प्रॉम्प्टर नव्हता. मरणाच्या प्रवेशात स्वतःच रडायला लागायचात, ओळ घशात अडकायची आणि मरणारा नट मरायचं थांबून तुमच्याकडे पाहत राहायचा. लोक ओरडायचे, मास्तर, मरू द्या त्याले. पण पुस्तकावरून तुमचं बोट हलायचं नाही. मला नागपूरहून वॉकमन आणून दिलात तो तुम्हीच, आणि त्याच संध्याकाळी कानातली वायर उपसलीत तीही तुम्हीच. "गाना आयकून राहिला का पुस्तक वाचून राहिला? एकाचा तं मान ठेव."

तर परवा फोन तापून बंद पडला. काकांनी बोंडं काढली आणि संहिता माझ्या हातात दिली. "बस बापाच्या जागी. मले जित्या माणसाचा आवाज पायजे."

बसलो. पहिलं पान नीट गेलं. दुसऱ्या पानावर खिशातला माझा फोन थरथरला. नुसतं पाहिलं हो. बोंडांचीच जाहिरात होती. मान वर केली तर काका लेकीच्या डोक्यावर हात धरून उभे, आणि ओळ मला सापडेना.

"काहून बे, मारून राहिला का जगवून राहिला मले?"

सगळे हसले. मी पुन्हा सुरुवात केली, अर्ध्या पानात पुन्हा हात खिशात गेला. कपाटभर पुस्तकं टॅबच्या एका पाटीत घेऊन हिंडणारा मी, एक प्रवेश सलग वाचू शकलो नाही. तोवर मंडळाचा फोन निवला होता. काकांनी बोंडं उचलली, धोतरानं पुसली, कानात घातली. तुमची जागा माझ्या डोळ्यांदेखत गेली.

हे पाठवायला तुमचा पत्ता नाही. असता, तर पाठवण्याआधी मी ही शेवटची ओळ खोडली असती: तिथून उठताना मला सुटल्यासारखं वाटलं.