विद्यार्थिनीची 'थि' ऱ्हस्व कशी?

ती. ताईस,

नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घालतोय असं समज. कशाने धरली ते पुढे येईलच.) तुझा गुडघा काय म्हणतोय? भावोजींचा खोकला गेला का? मागच्या पत्रात "इकडे सगळं ठीक" असं लिहिलं होतंस. तू ठीक म्हणालीस की मला हमखास काळजी लागते.

पत्रास कारण, तुझ्या भाचीचं प्रगतिपुस्तक. (धाकट्याचंही आलं. "वर्गात फार बडबड करतो" असा शेरा आहे. त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.) थोरलीच्या पुस्तकात मात्र लिहिलंय, "हुशार विद्यार्थिनी. भाषेत लक्षणीय प्रगती." बायको हरखली. मीही हरखणार होतो, तेवढ्यात नजर 'थि'वर गेली. ऱ्हस्व! अगं, तिच्या वर्गाच्या बाई गेली दोन वर्षं हा शब्द न चुकता चुकवतात. दर खेपेला 'थी' दीर्घ, आणि दर खेपेला मी ती लाल शाईने ऱ्हस्व करून, समासात आमच्या छापखान्यातली खूण करून, मगच पालकाच्या जागी सही करतो. बावीस वर्षं मुद्रितं तपासतोय, चूक दिसली की हात शिवशिवतात. या खेपेला चूकच नव्हती, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या शाळेत हा शब्द बरोबर लिहिणारं एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि ते माझ्या टेबलाशी, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून वाढलंय. शेरा तिनेच लिहिला, दुसरं कोण!

बायको म्हणाली, "सरळ तिलाच विचारा ना." पण असं विचारून कधी कुणी कबूल केलंय? मी दोन दिवस पाळत ठेवली. तिच्या दप्तरातली पेनं कागदावर ओढून पाहिली. (तीन निळी, एक बंद पडलेलं.) ती नेहमीसारखी जेवत होती, हसत होती, म्हणजे किती मुरलेली असेल बघ! शेवटी अर्धी रजा टाकून, खिशात भिंग घालून मी शाळेत गेलो. बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलं. तो बाक दहा वर्षांच्या मुलांच्या मापाचा. गुडघे हनुवटीला लागले, आणि कंबर गेली ती तिथेच. तशा अवस्थेत मी सांगितलं की माझ्या मुलीने तुमचं अक्षर गिरवून शेरा लिहिला आहे.

बाई उठल्या. कपाटातून वर्गाची उरलेली पुस्तकं काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक मुलीच्या पुस्तकात 'थि' ऱ्हस्व. (क्षणभर मला वाटलं, ही सगळीही आमच्या कार्टीनेच लिहिली. खोटं कशाला बोलू?) मग बाई म्हणाल्या, "तुमच्या लाल शाईची मला धास्तीच बसली होती. म्हणून यंदा शेरे आधी कच्च्या वहीत लिहिले, मुलांची नावं न घालता, आणि तुमच्या मुलीकडून तपासून घेतले. अकरा चुका काढल्या तिने. पण पेन्सिलीने, आणि अगदी हळूच सांगितल्या."

ताई, मला त्या बाकातून पटकन उठताही येईना. आणि दारात आमची थोरली उभी. किती ऐकलं कोण जाणे. "बाबा, मला विचारायचं ना," एवढंच म्हणाली आणि गेली.

याला आज नऊ दिवस झाले. ती भांडत नाही, रुसत नाही, विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. पण निबंधाची वही घेऊन शेजारी येत नाही, आणि प्रगतिपुस्तकावर तिने आईची सही घेतली. त्या खुर्चीवर आता मीच माझी पिशवी ठेवतो, रिकामी बघवत नाही म्हणून. मी चुकलो, हे तिला दोनदा सांगितलं. "असू दे" म्हणाली. ते 'असू दे' फार लागतं गं.

सुट्टीत ती तुझ्याकडे यायचं म्हणते आहे. जरूर ठेवून घे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. तुझ्या ट्रंकेत माझं सातवीचं प्रगतिपुस्तक आहे. गुरुजींचा शेरा खोडून मी स्वतःच लिहिलेला, आणि खाली तू ठोकलेली बाबांची सही. ती यायच्या आत ते फाडून टाक. तिच्या हाती लागलं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. फाडू नकोस. तिला दे. माझ्या शेऱ्यात दोन चुका आहेत. सांगू नकोस, तिच्या तिला सापडतील.