बेसमेंटमधली रविवारची मंडळी

२ मार्च, रविवार

परत बूट! सगळे रस्त्यावरच्या बर्फावर टाकलेल्या मिठाच्या राड्यातले, माझ्या पुसलेल्या लादीवर! अमेरिकेतलं हे घर बहिणीचं असलं तरी लादी मी पुसते. सुनेत्रानं बेसमेंट एका मुलीला भाड्यानं दिलंय, अख्ख्या कॉलेजला नाही. ही इमानी "सॉरी आंटी" म्हणते गोड, पण दर रविवारी तिचे इंजिनीयरिंगवाले हजर. काही तिच्यासारखे काळे, काही मेक्सिकोकडचे. आणि अभ्यास कसला — भांडल्यासारखा ओरडून! वर आमच्या अनीशच्या खोलीत बघा, टाचणी पडली तरी ऐकू येईल. भाचा माझा, तोही इंजिनीयरच होणार.

सुनेत्रा म्हणाली, "ताई, त्याचं शेवटचं वर्ष आहे. तिला महिनाअखेरपर्यंत जायला सांगते."

म्हटलं, सांग.

५ मार्च

इमानीला सांगून झालं. ओके म्हणाली फक्त.

९ मार्च, रविवार

कपडे धुवायला खाली गेले. मशीन थांबेपर्यंत बसले तिथंच.

त्यांची रीतच अजब. पुस्तक उघडायच्या आधी एकेकानं उभं राहून आठवड्यातली वाईट गोष्ट सांगायची. इमानी उठली. सर्किट्समध्ये ती गेल्या वर्षी नापास झालीय, आता परत तोच विषय करतेय, आणि परवाच्या टेस्टमध्येही कमीच. हे सगळ्यांसमोर! आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या! नापासाला टाळ्या! आमच्यात पोरगं नापास झालं तर आई पाहुण्यांना सांगते, तब्येत बरी नव्हती हो.

मग तिची मैत्रीण येसेनिया — बाप लोकांच्या घरांची छपरं घालतो — तिनं फळा ओढला. इमानीला कळेपर्यंत एकही जण जेवायला उठला नाही. मला त्यातलं काय कळणार, सातवीवाली मी. पण तिचा चेहरा खुलला तेव्हा मलाच हायसं वाटलं.

पोहे करून नेले. येसेनिया म्हणते, "आंटी, मिरची कमी आहे." मला सांगते! मला!

१२ मार्च

इमानी चहाला वर आली. त्यांच्या सरांनी तिला सुचवलंय — दुसरा विषय घे, तुला झेपेल. लॅबमध्ये एकानं विचारलं, तू चुकीच्या खोलीत आलीस का? म्हटलं, बाई, मग सोडत का नाहीस?

म्हणाली, "मी सोडलं, की माझ्यामागून येणारीलाही तो हेच विचारणार."

रडली नाही. दुसरा कप मागितला. मी असते तर तो कप त्याच्या डोक्यात घातला असता!

संध्याकाळी सुनेत्राला म्हटलं, राहू दे पोरीला.

"ताई, तुला कळत नाही. अनीशला असली संगत नको."

असली म्हणजे कसली?

सुनेत्रानं भाजी चिरायला घेतली.

बावीस तारखेला, शनिवारी, इमानी दुसरी खोली बघायला जाणार. परीक्षा तोंडावर! ती इथून गेली तर ही सगळी बसणार कुठं?

१४ मार्च

सर्किट्सच्या पुढच्या टेस्टमध्ये इमानी पास! काठावर नाही, चांगली पास! जिन्यात मला धरून नाचली. गुडघा गेला माझा. जाऊ दे. काय चिवट पोरगी आहे!

१६ मार्च, रविवार

चादरी घेऊन खाली गेले तर मधोमध उभा कोण? आमचा अनीश!

"जानेवारीपासून मी कॉलेजला जातच नाही. घरी माहीत नाही."

टाळ्या वाजल्या. इमानीनं आपल्या शेजारची खुर्ची त्याच्याकडं सरकवली.

वर आल्यावर गाठलं त्याला. म्हणतो, "मावशी, प्लीज, मॉमला नको." म्हटलं, तुझ्या अभ्यासापायी त्या पोरीला घराबाहेर काढतायत! शनिवारी ती खोली बघायला जाणार. त्याच्या आत, शुक्रवारी सगळे जेवायला बसले की, आईला तू सांगतोस की मी सांगू? शुक्रवार! बोल!