नाही म्हणायला नेलेले पेढे

सीबीडी बेलापूर, नवी मुंबई
रविवार, १८ फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या विलासचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? मागे गुडघ्यासाठी पाठवलेलं तेल दाजींनी डोक्याला लावून संपवलं असं कळलं. त्यांना गुण आला असेल तर तसं कळव, कारण इकडेही टकलाने जोर धरला आहे. कराडची थंडी ओसरली असेल. इकडील सर्व कुशल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर, अक्का, मी पुरता हादरलो आहे. गेल्या रविवारपासून मला एकामागून एक असे धक्के बसताहेत की आता कोणी साधं ‘चहा घेणार का’ विचारलं तरी मी दचकतो. (फोनच केला असता, पण फोन हॉलमध्ये आहे, आणि आमच्या हॉलमध्ये बोललेलं सोसायटीच्या गेटपर्यंत ऐकू जातं.)

या सगळ्याला मूळ कारण एक सिनेमा आहे. आमच्याकडे केबल आली हे तुला ठाऊक आहेच. केबलवाला शनिवारी दुपारी आपल्या व्हिडिओवर बायकांच्या फर्माइशीचा सिनेमा लावतो, आणि बायकांची फर्माइश गेले वर्षभर एकच आहे. तोच सिनेमा! शनिवारी जेवणं आटोपली की मजल्यावरच्या बायका आमच्याकडे जमतात (आमचा टीव्ही मोठा, हा माझाच मूर्खपणा), आणि आमची वैजयंती, जिने कॉलेजात संस्कृत नाटकांवर बक्षिसं मिळवली, ती मांडीवर मटार घेऊन पहिल्या रांगेत बसते. काय आहे त्या सिनेमात? एका थंड हवेच्या गावी बसमधून उतरताना हिरो-हिरॉइनच्या बॅगा बदलतात. त्यावरून दोघं भांडतात. ते भांडण बघून शेंबडं पोरही सांगेल की मध्यंतरापर्यंत यांचं जमणार. मध्यंतराला जमतंच. मग मुलीचा बाप जिन्यावर उभा राहून नाही म्हणतो. (हिंदी सिनेमातल्या बापाला सपाट जमिनीवरून नाही म्हणता येत नाही.) पुढे एक विनोदी मामा, एक कुत्रा, एक गैरसमज, आणि सरतेशेवटी मांडवात तोच बाप डोळे पुसत हो म्हणतो. कोणी मरत नाही, कोणाला साधा तापसुद्धा येत नाही. आणि इतकं होऊन बायका रडतात! मला तुझ्यासारखंच उघड बोलायची खोड. मी दर वेळी हॉलमधून जाताना पुढे काय होणार ते मोठ्याने सांगतो. त्यावर त्या चिडत नाहीत, उलट माना डोलावतात. तसा पहिला धक्का मला तेव्हाच बसला होता.

मी फिल्म सोसायटीचा जुना सभासद आहे हे तू जाणतेस. परवाच आम्ही एक परदेशी सिनेमा पाहिला, त्यात एक म्हातारा शेवटपर्यंत तळ्याकडे बघत बसतो. मध्ये माझा थोडा डोळा लागला, पण जागा झालो तेव्हाही पुढे काय होणार ते कळत नव्हतं. याला म्हणतात सिनेमा. हे मी वैजयंतीला समजावलं तर ती म्हणाली, रोजच्या आमटीत पुढे काय होणार हे तुम्हांला ठाऊक असतं, तरी वाटी पुढे करताच ना? मी निरुत्तर झालो असं समजू नकोस, माझ्या तोंडात घास होता. शेजारच्या सुचित्राबाईंनी तर कमालच केली. म्हणाल्या, भाऊजी, आमचा सगळा आठवडा पुढे काय वाढून ठेवलंय या धास्तीत जातो. सासूबाईंचं दुखणं, ह्यांची बदली, पोरांचे निकाल. शनिवारी दुपारी एकदाच काय ते पुढचं ठाऊक असतं, तेवढंच टेन्शन नाही! आता या अडाणीपणाला काय म्हणावं? (तसं वाक्य वाईट नाही. पण सिनेमाबद्दल नसतं तर मी मान्य केलं असतं.)

तर अशाच एका शनिवारी ऐन मांडवात बापाने हो म्हणायला तोंड उघडलं आणि पडद्यावर मुंग्या आल्या. केबल गेली. घरात जो हलकल्लोळ माजला तो विचारू नकोस. शेवट सगळ्यांना पाठ, पण सगळ्यांना तो बघायचाच होता. शेवटी आमची क्षिप्रा उठली (बँकेत लागल्यापासून तिला अन्याय सहन होत नाही) आणि तडक केबलवाल्याकडे भांडायला गेली. केबलवाला म्हणजे प्रीतम, आमच्या सेक्टरमागच्या गावातल्या देवजीशेठचा मुलगा. देवजीशेठ मूळचे शेतकरी. त्यांची शेतं गेली म्हणून तर आमची ही वसाहत उभी राहिली, आणि आता तिथेच त्यांची तीन मजली बिल्डिंग आहे. प्रीतम बी.कॉम. झालेला, खालच्या गाळ्यात केबलचा धंदा चालवतो. क्षिप्रा परत आली ती लालबुंद होऊन. असा उद्धट मुलगा मी आयुष्यात पाहिला नाही, असं म्हणून तिने चपला भिरकावल्या. त्यावर वैजयंतीने सुचित्राबाईंकडे पाहिलं आणि सुचित्राबाईंनी मटाराकडे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तर पोरीची पाठ थोपटली.

आणि इथेच मी फसलो, अक्का. त्यानंतर चित्र हललं, क्षिप्रा, जा त्याला सुनाव. आवाज खरखरतो, क्षिप्रा, जा. बातम्यांच्या वेळी दुसरंच काहीतरी लागतं, क्षिप्रा, चांगली खरडपट्टी काढ त्याची. ती प्रत्येक वेळी तणतणत जायची आणि तणतणत यायची. तोही तार तपासायला आमच्या घरी यायचा, तेव्हा दोघांची खडाजंगी व्हायची, आणि मी सोफ्यावर बसून, माझी मुलगी ग्राहकांच्या हक्कांसाठी कशी वाघिणीसारखी भांडते याचं कौतुक करायचो. ऑफिसातही सांगायचो. हळूहळू आमची केबल सोसायटीत सर्वांत जास्त बिघडू लागली. मला वाटलं, उंदीर.

गेल्या रविवारी पोहे खाताना क्षिप्राने शांतपणे सांगितलं की तिला प्रीतमशी लग्न करायचं आहे. माझ्या हातून बशी निसटली. पण त्याहून मोठा धक्का पुढे होता. वैजयंती दचकली नाही. तिने फक्त फडकं आणलं. आवाज ऐकून सुचित्राबाई आल्या, त्याही दचकल्या नाहीत. खाली धावत गेलो तर आमचा वॉचमन ज्ञानू म्हणाला, सायेब, आज कळलं व्हय तुम्हाला? अख्ख्या सोसायटीला पहिल्या भांडणापासून ठाऊक होतं! आणि मी, ज्याला दुसऱ्याच्या सिनेमाचा शेवट सुरुवातीची पाटी बघून कळतो, त्याला स्वतःच्या हॉलमध्ये काय चाललंय याचा पत्ता नाही! लाज वाटली गं. वर येऊन मी गरजलो, माझ्या जिवात जीव आहे तोवर या घरात हे लग्न होणार नाही. बोलता बोलता माझं लक्ष गेलं तर वैजयंती आणि सुचित्राबाई यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. शब्दन् शब्द! मी त्या जिन्यावरच्या बापाचं वाक्य म्हणत होतो, आणि ते मला कधी पाठ झालं देव जाणे. (आम्ही दुसऱ्या मजल्यावर एका फ्लॅटमध्ये राहतो. घरात जिना नाही, एवढाच फरक.)

क्षिप्रा मात्र सिनेमातल्यासारखी वागली नाही. तिने आदळआपट केली नाही, बॅग भरली नाही. म्हणाली, बाबा, तुम्ही मनापासून हो म्हणालात तरच करीन. नाहीतर राहिलं. आणि बशीचे तुकडे वेचून बँकेची कामं घेऊन बसली. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलते, डबा विसरलो तर आठवण करते, पण भांडत नाही. अक्का, ही मुलगी लहानपणापासून माझ्याशी दिवसातून एकदा तरी भांडल्याशिवाय झोपलेली नाही. घर कसं सुन्न झालं आहे. काल शनिवार होता, तिने सिनेमासुद्धा बघितला नाही. मला हे सोसत नाही, हे तुला म्हणून सांगतो.

पण शब्द तर तोंडातून गेला होता, आणि आपल्या घराण्यात दिलेला शब्द मागे घेत नाहीत (दाजी घेतात, पण ते जावई). तेव्हा ठरवलं की बुधवारी स्वतः देवजीशेठच्या घरी जायचं आणि सभ्यपणे, स्पष्ट नाही म्हणून यायचं. आता तूच आम्हांला शिकवलंस की पहिल्यांदा कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये. वैजयंतीने पिशवी हातात दिली, मी उघडूनही पाहिली नाही. देवजीशेठच्या ओट्यावर पोचून पिशवी पुढे केली. आत पेढे होते. आणि वर नारळ. मुलीचा बाप तिन्हीसांजेला नारळ आणि पेढे घेऊन मुलाच्या दारात आला, याचा अर्थ साऱ्या गावाने काय घ्यावा? देवजीशेठ उठून उभेच राहिले. म्हणाले, “सायेब, नारल आनलाव, पेढं आनलाव, मंग आता बोलाचा काय रायला?” मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी त्यातलाच एक पेढा माझ्या तोंडात घातला. पेढा संपेस्तोवर ओटा माणसांनी भरला होता आणि यशोदाबाई म्हणून एक वृद्ध बाई मला ओवाळत होत्या. (या बाई लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गातात. गावात त्यांचा मान भटजीपेक्षा कमी नाही.) त्यांनी तिथेच गाणं सुरू केलं. त्यात माझं नाव आलं, अक्का! आता गाण्यात आलेल्या माणसाने नाही कसं म्हणायचं?

मग देवजीशेठ जवळ सरकून हळूच म्हणाले, “खरा सांगू? मना पन पयलं पटला नव्हता. बँकेतली शिकलेली पोर, आमच्या घरान रमल का, ही धाकधूक.” म्हणजे तिकडेही एक बाप जिन्यावर उभा होता, आणि त्यांच्याकडे तर खरोखरचा जिना आहे. त्यांची बायको सरस्वतीबाई दाराआडून म्हणाल्या, “पोरीला म्हावरा चालत नसंल तं तिची चूल येगली ठेवू.” मासळी चालत नसेल तर तिची चूल वेगळी! मला भरून आलं. माझ्या मनात जे जे आक्षेप होते त्यातला हाच सर्वांत मोठा होता, आणि त्या माउलीने मी न बोलताच तो उचलून बाजूला ठेवला. एवढ्यात आतून पोरी फिदीफिदी हसल्या, तेव्हा कळलं की आपली क्षिप्रा गेले कित्येक महिने त्या घरी सुके बोंबील मागून खाते आहे. हा धक्का अजून उतरलेला नाही. दाजींना तो हळूहळू दे.

घरी आल्यावर वैजयंतीने विचारलं, सांगून आलात? मी म्हणालो, आलो. काय सांगितलं ते तिनेही विचारलं नाही. असो. पत्र लांबलं. घरातल्या थोरांना नमस्कार. लहानांना आशीर्वाद द्यावा इतका मोठा मी सध्या स्वतःला वाटत नाही, तेव्हा तो तूच दे.

तुझा,
विलास

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण राहूनच गेलं. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, तुझा शब्द मी कधी मोडलेला नाही हे घरात सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा उलट टपाली मला एक खरमरीत पत्र पाठव. ‘विलास, हे लग्न झालंच पाहिजे, ही माझी आज्ञा आहे’ असं काहीतरी. पत्र वैजयंतीच्या नावाने टाक, म्हणजे ती मोठ्याने वाचेल. मी थोडी कुरकुर करीन, ती मनावर घेऊ नकोस.

आणखी एक : मी तो सिनेमा बघू लागलो असा गैरसमज नको. काल फक्त स्वयंपाकघराच्या दारातून शेवट पाहिला, तो बाप नेमकं कोणत्या शब्दांत हो म्हणतो एवढ्यापुरता. काहीच म्हणत नाही, नुसतं नाक ओढतो. फार ढिसाळ लेखन.

वन्सं, सा. न. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून ह्या चार ओळी. आज्ञा जरूर पाठवा आणि चांगली कडक लिहा, ह्यांना बरं वाटेल. पण तिच्यावाचून अडलेलं काही नाही. आज सकाळी फिरायला जातो म्हणून हे देवजीशेठकडे गेले, मांडवाचं तोंड कुठल्या दिशेला करायचं यावरून त्यांच्याशी कडाक्याचं भांडले आणि तिथेच जेवून आले. क्षिप्राला सगळं कळलं आहे, पण तिला ते ह्यांच्या तोंडून ऐकायचं आहे, म्हणून ती काही माहीत नसल्यासारखी पुस्तक उघडून बसली आहे. हे तिच्या दाराशी उभे राहून मघापासून घसा खाकरताहेत. मी इथे पदर हातात धरूनच बसले आहे.

सौ. वैजयंती