सौ. शिवायचा मायना

अल मजाज, शारजा
९ फेब्रुवारी २००२

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तुम्ही लगेच आईकडे देता, म्हणून पत्र. मराठीचे मास्तर तुम्ही, निदान शुद्धलेखन तपासायला तरी वाचाल.

आईने सांगितलं असेलच. देवदत्तने आणि मी संमतिने वेगळं व्हायचं ठरवलं आहे. मारझोड नाही, व्यसन नाही. लग्नापासूनच विळ्याभोपळ्याचं सख्य, आणि आता मिहिका मधल्यामध्ये चिरली जाते. तो अबू धाबीला राहायला गेला आहे. माझा व्हिसा आता युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीकडून आहे, तेव्हा इथल्या राहण्याची काळजी नको. सह्या करायला मे महिन्यात आम्ही कराडच्या कोर्टात येऊ. मला एवढंच विचारायचं आहे, तेव्हा मी घरी उतरू का?

मिहिका विचारत होती, आजोबा अँग्री आहेत का. मी सांगितलं, विचार करताहेत.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
तुमची,
अपूर्वा


कराड
२१ फेब्रुवारी २००२

॥ श्री ॥

चि. सौ. अपूर्वास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. 'संमती'तला 'ती' तू ऱ्हस्व काढलास. एरवी ठीक.

वर 'सौ.' लिहिलं आहे ते जाणूनबुजून. मी जन्मभर पोरांना मायने शिकवले. कुमारिकेला कु., लग्न झालेलीला सौ., नवरा गेलेलीला गं. भा. याच्यापुढचा मायना मला कुणी शिकवला नाही, आणि तू व्हायला निघालीस तशा बाईला पत्र कसं लिहायचं ते मला ठाऊक नाही. मिटवून घ्या आणि जोडीने या. एकटी येणार असलीस तर हॉटेलात उतर. आई रडते आहे. मी तिला बोललो, मग ती मला बोलली.

मिहिकेला गोड पापा. प्रकृतीला जप.
तुझे,
अण्णा


अल मजाज, शारजा
१६ मार्च २००२

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला चांगलं झणझणीत उत्तर द्यायचं ठरवलं होतं. पण लायब्ररीत एक पुस्तक आलं आणि त्यावर नंबर चिकटवायचं सोडून मी वाचतच बसले. अंगावर काटा आला, तो अजून गेलेला नाही.

चीनच्या वाळवंटात तुनहुआंग नावाच्या गावाजवळ गुहा आहेत. तिथे एका भिंतीआड हजारेक वर्षांपूर्वीचे कागद सापडले. त्यांत नवऱ्याने बायकोला मोकळं करताना द्यायची पत्रं आहेत. मला वाटलं, शिव्याशाप असतील. तर कसलं काय! नवरा लिहितो, आपलं मांजर-उंदरासारखं झालं, आता सगेसोयरे बोलावून मोकळे होऊ. तू पुन्हा केस विंचर, भुवया रेख, मानाचं स्थळ बघ. मनातल्या गाठी सोडू, एकमेकांचा द्वेष नको. एका पत्रात तर तीन वर्षांचं अन्नवस्त्रही देऊ केलं आहे.

तिथल्या बायका सुखात लोळत होत्या असं नाही. बायको टाकायला नवऱ्याला सात कारणं होती, त्यातलं एक म्हणजे ती फार बोलते! पण दोघांचं पटेना, तर राजीखुशीने वेगळं व्हायलाही कायद्यात वाट होती.

आणि खरं नवल पुढेच आहे. यांतली बरीचशी पत्रं कुणा एका जोडप्याची नाहीतच, ते नमुने आहेत. नावाच्या जागी नुसतं 'अमुक'. म्हणजे त्या गावात तुमच्यासारखा कुणी मास्तर असणार. अशा वेळी माणसांना शब्द सुचत नाहीत हे त्याला कळलं होतं, आणि त्याने मायना तयार ठेवला होता. हजार वर्षांपूर्वी, अण्णा! मला रडू फुटलं. मिहिकेला सगळं सांगितलं तर म्हणाली, सो कूल, आजोबांना सांग.

देवदत्तला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, आपण नुसतं खलास म्हणून मोकळे झालो, हे कुणालाच सुचलं नाही.

रागावलात तरी मायेत कमी करू नका.
तुमची,
अपूर्वा


कराड
१२ एप्रिल २००२

॥ श्री ॥

__________________

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. 'फार बोलते' आल्यावर मी तिच्याकडे पाहिलं, तर म्हणाली, त्या न्यायाने तुम्हीच कधीचे घराबाहेर असता.

पोरी, मी थक्क झालो आहे. नातं असतं तिथे मायना लागतो असं मी शिकवत आलो. नातं सुटताना तो जास्त लागतो हे त्या वाळवंटातल्या माणसाला कळलं, मला नाही. लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे कोण बाई असेल? कुणाची तरी लेक असेलच की. ते काही मनातून जात नाही.

मग मीही कागद घेऊन बसलो. सौ. लिहिणं खोटं झालं असतं. कु. लिहिलं तर मिहिका हसेल. श्रीमती लिहायला हात धजेना. आई म्हणाली, नुसतं अपूर्वा लिहा, नाव तर आपणच ठेवलंय.

मे महिन्यात हॉटेल नको. स्टँडवर घ्यायला मी येतो. सह्या झाल्यावर देवदत्तालाही जेवायला घेऊन ये. सगेसोयरे बोलावून मोकळं व्हायची त्या लोकांची रीत मला आवडली.

मायना नसलेल्या पत्राला मी वर्गात शून्य गुण देत असे. आज वरची ओळ मोकळी सोडली आहे. तुला काय म्हणवून घ्यायचं आहे ते तूच तिथे लिही. काहीही लिहिलंस तरी खालची सही माझीच आहे.

तुझे,
अण्णा