हीटरची गार हवा

रविवार, संध्याकाळ

मी आणि समीर बाळाला घेऊन चाकणहून रहाटणीला निघालो, तर हीटरमधून गार हवा. "इंजिन तापलं की येईल गरम," समीर म्हणाला. इंजिनाच्या तापमानाचा काटा लालपर्यंत चढला, हवा मात्र गारच! मी गाडी थांबवायला लावली. तो उतरून रेडिएटरचं झाकण फिरवायला लागला. "अरे, नको!" मी त्याला मागे ओढलं आणि उकळती वाफ उसळली. क्षणापूर्वी त्याचा चेहरा होता, अगदी तिथेच.

मेकॅनिक आला. "पाइप फाटून कूलंट गळालंय, वहिनी. हीटरला गरम पाणी मिळणार कुठून?" त्याने पाइप बदलला, कूलंट भरलं. हवा गरम आली, रहाटणीला पोचलो.

पण ती वाफ... मी ओढलं नसतं तर?

समीर म्हणतोय, चल, गाडीतून चक्कर मारू. मी बाळाला घट्ट धरून इथेच बसलेय.