धोतऱ्याचा अर्क

मंगळवार, रात्री आठ, भाईंदर

अजून माझा विश्वास बसत नाहीये. काल दुपारी आईने मला विचारलं, "आपण कोणाकडे आलात?" पोटच्या मुलीला. तिच्या बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या, की डोळे नुसते काळे दिसत होते. तशीच रिक्षात घालून हॉस्पिटलात नेली.

आईच्या उत्तनच्या मैत्रिणीने, फिलूमावशीने, तिला गुडघ्यांसाठी धोतऱ्याचा अर्क दिलेला. पानं दारूत मुरवून त्यांच्याकडे पूर्वीपासून करतात. "चोळायला हाय, प्यायला न्हाय," असं मावशीने बजावलंही होतं. पण खोकल्याची उबळ आली आणि आईने अडुळशाचं औषध समजून तोच चमचाभर घेतला.

डॉक्टर म्हणाले, "धोतरा विषारीच. पण त्यातलंच द्रव्य आम्ही डोळे तपासताना थेंबभर घालतो, बाहुल्या मोठ्या व्हायला." म्हणजे तेच ते? मी आईच्या डोळ्यांकडे बघतच राहिले. एका चमच्याने आई गेली असती.

आज संध्याकाळी तिने मला नावाने हाक मारली. वाटलं, आता घाबरेल, रडेल. तर म्हणते, "गुडघा ठणकतोय गं. ती बाटली आणलीस का?"

मी कोरड्या हातानेच तिचा गुडघा चोळत बसले.