कोच, थेरपिस्ट आणि ती उंच खुर्ची

३ फेब्रुवारी, सोमवार

—आणि म्हणूनच म्हणते, कोच! लाइफ कोच. फायनल. थेरपिस्ट म्हणजे मागे बघणं, कोच म्हणजे पुढे. आणि मला पुढेच बघायचंय. एक मार्चला टेस्ट आहे. सव्वीस दिवस!

आईचं म्हणणं बरोब्बर उलटं. "जेवायला बसलं की आमची डोकी मोजतेस, झोपेत दचकतेस, आणि कोच शोधतेस? तू काय मॅच खेळायला चाललीयेस?"

दादा लगेच मध्ये. "आई, घरात आपण तीन माणसं. तीनपर्यंत मोजायला तिला कोच लागतोच."

मी पण हसले. पण मोजते, हे खरंय. लाइफगार्डला तेच शिकवतात— दहा सेकंदांत अख्खा स्विमिंग पूल नजरेखालून घालायचा, पुढच्या वीस सेकंदांत बुडणाऱ्यापाशी पोचायचं. ट्रेनिंगमध्ये इतकं घोटून घेतात की मान आपोआप फिरते. फक्त आधी ती पुलावर फिरायची. आता बसमध्ये, सुपरमार्केटच्या लाइनमध्ये, घरी आमटीच्या पातेल्यासमोर. सगळीकडे!

मराठीत लिहितेय हे बरंय. इंग्लिशमध्ये लिहिलं की मी लगेच शाळेतल्या निबंधासारखी शहाणी होते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एकदा नीट लिहून काढते, म्हणजे कोचला सांगायला सोपं.

१४ जानेवारी. सकाळची शिफ्ट. पुलात सहा जण. तीन नंबरच्या लेनमध्ये आमचे रोजचे आजोबा. रिटायर्ड पोस्टमन. आम्ही सगळे त्यांना 'तीन नंबर'च म्हणतो, त्यांना पण आवडतं. ते बुडाले. मी उडी मारली, बाहेर ओढलं, छाती दाबून सीपीआर दिला, श्वास आला. आता घरी आहेत, ठणठणीत. त्यांच्या मुलीने केक पाठवला. मॅनेजरनी माझा फोटो नोटीस बोर्डावर लावला.

आणि त्या दिवसापासून मी खुर्चीवर बसू शकलेले नाही.

लाइफगार्डची उंच खुर्ची. सात पायऱ्या. चौथ्या पायरीवर माझे पाय लाकडाचे होतात. पाण्याची भीती नाही, हां! मी रोज पोहते. वर बसून बघता येत नाही, बस्स. सध्या काउंटरवर लॉकरच्या किल्ल्या देते.

मॅनेजर चांगले आहेत. म्हणाले, "एक मार्चपर्यंत तुझी जागा धरून ठेवतो. टेस्टमध्ये वीस मिनिटं वर बसून दाखव. नाही जमलं तर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल गं." फेअर आहे. पण मला हेच काम करायचंय. मला दुसरं काही करायचंच नाही!

६ फेब्रुवारी, गुरुवार

आईच्या समाधानासाठी दोघींना भेटून आले.

आधी थेरपिस्ट मॅडम. दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, कोपऱ्यात एक मरगळलेली कुंडी. मनात आलं, हिने हे झाड बरं केलं नाही, मला काय करणार! तिने विचारलं, "त्या दिवशी काय झालं?" मी परवा लिहिलेलं सगळं म्हणून दाखवलं. मस्त, न अडखळता. ती म्हणाली, "हं." आणि थांबली. थांबलीच! मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. मग मी म्हटलं, "बाकी सगळं छान आहे." आणि सटकले.

मग कोच. चपला दुरुस्तीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. पांढरा बोर्ड, चार रंगांचे मार्कर. बाई बसतच नाहीत! "मॅडम म्हणू नको, म्हातारं वाटतं," म्हणाल्या. म्हणून कोचताई.

"एक मार्चला तू कुठे असशील?"

"खुर्चीवर."

"मला ऐकू नाही आलं."

"खुर्चीवर!!"

खालच्या दुकानात हातोडी थांबली. आम्ही दोघी खो खो हसलो. किती दिवसांनी इतकी हसले! ठरलं. कोचताईच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाचवी पायरी!!!

प्लॅन सोपा आहे. दोन दिवसांत एक पायरी, तिथे पन्नास श्वास. सफाईच्या मावशी खाली मॉप धरून उभ्या राहतात. "पडायचंच असेल तर मॉपवर पड. फरशी आत्ताच पुसलीये, परत पुसणार नाही."

कोचताई म्हणतात, रोज ज्यांचे आभार मानावेसे वाटतात त्यांना आठव. आज मावशी. आणि दादा, कारण सकाळी गाडीवर सोडायला आला आणि एकही टोमणा मारला नाही. म्हणजे एक मारला. पण छोटा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सहावी. जमतंय!

१७ फेब्रुवारी, सोमवार

वर बसले. खुर्चीवर. चार सेकंद.

मग खाली आले आणि बाथरूममध्ये उलटी केली. मावशी पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

कोचताईंनी फोनवर होमवर्क दिला. "चौदा जानेवारी हा तुझ्या विजयाचा दिवस आहे. मिनिटामिनिटाने लिही, परवा मला मोठ्याने वाचून दाखव. अंगात बळ येईल."

विजयाचा दिवस.

१९ फेब्रुवारी, बुधवार

वाचून दाखवलं. सहा पन्नासला पूल उघडला. सातला खुर्चीवर बसले. सात पाचला आजोबा आले, हात केला. सात दहाला उथळ बाजूला दोन नव्या बायका उतरल्या. सात बाराला उडी मारली.

कोचताई बोर्डावर लिहीत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दहा ते बारा काय?"

"बघत होते."

"कुठे?"

मी हसले. काहीतरी जोक केला. आठवत पण नाही काय. त्यांनी मार्करला टोपण लावलं आणि खाली बसल्या. पहिल्यांदाच!

म्हणाल्या, "ऐक. पुढचा प्रश्न मला विचारता येतो. पण उत्तर आलं की त्याचं काय करायचं, ते मला येत नाही. मी ते शिकलेले नाही. ज्या बाई शिकल्यात त्यांच्याकडे जा."

"म्हणजे तुम्ही मला सोडताय?"

"अगं, सोडते कसली! पायऱ्या चढवायला मी आहेच. वर बसल्यावर तुला जे दिसतं, ते त्यांच्याकडे ने."

आणि माझ्यासमोर थेरपिस्ट मॅडमना फोन लावून शुक्रवारची वेळ घेतली. मीच नंबर दिला. माझा चेहरा रडवेला.

बसस्टॉपपर्यंत प्रचंड राग आला होता. बस आली तोपर्यंत गेला. किती सोपं होतं त्यांना, मला अजून सहा महिने "खुर्चीवर! खुर्चीवर!" ओरडायला लावणं! मी ओरडले पण असते. आनंदाने.

थँक यू, कोचताई. तोंडावर नाही म्हणता आलं.

आता डायरी, तुला तरी खरं सांगते. त्या दोन मिनिटांत मी उथळ बाजूला बघत होते. त्या बायकांपैकी एक पाण्यात पाय टाकायची आणि किंचाळून बाहेर यायची, परत टाकायची. दुसरी तिला ढकलायची. मला हसू आवरत नव्हतं. मावशींची हाक आली— "अगं, तीन नंबर!" तेव्हा मी वळले. आजोबा तळाशी होते. किती वेळ होते, मला माहीत नाही. तेच तर.

बघितलं मावशींनी. फोटो माझा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं. सगळं. थेरपिस्ट मॅडमना.

मला वाटलं म्हणतील, 'तुझी चूक नाही.' मी त्यावर भांडायची तयारी करून गेले होते! त्या म्हणाल्या, "पाच आठवडे हे एकटीने सांभाळलंस."

झालं. धरण फुटलं. टिश्यूचा डबा माझ्या मांडीवर.

मग विचारलं, "घरी मोजतेस तेव्हा कोणी कमी असतं का?"

"नाही. तीन म्हणजे तीन."

"मग मोजून झालं की थांबतेस?"

"नाही."

"कारण तू पुलातलं ते एक डोकं शोधतेयस, जे त्या दिवशी वर नव्हतं."

मग त्या म्हणाल्या, "आणखी कोणाला माहीत आहे?"

"मावशींना."

"त्यांच्याशी बोललीस?"

नाही ना! रोज त्या माझ्यासाठी मॉप धरून उभ्या, आणि मी हा एक विषय सोडून सगळं बोलते.

निघताना कुंडीकडे बघितलं. नवीन पान होतं एक. किंवा आधीपासून असेल, मीच बघितलं नसेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मावशींना गाठलं. शॉवरपाशी, ब्रश मारत होत्या.

"मावशी, बोर्डावर फोटो तुमचा पाहिजे होता."

"माझा? डोक्याला प्लास्टिकची टोपी घालून? नको गं बाई!"

"मी बघत नव्हते, मावशी. तुम्ही ओरडलात म्हणून वळले."

त्यांनी ब्रश ठेवला. "मला माहितेय की. मी काय आंधळी आहे? पण मला पोहता येत नाही. तू नसतीस तर मी काय केलं असतं, काठावर उभी राहून घसा फोडला असता! तो म्हातारा आपल्या दोघींचा आहे. अर्धा माझा, अर्धा तुझा."

मी त्यांना मिठी मारली. त्यांचे हात साबणाचे, माझा टी-शर्ट सगळा ओला.

मग अशीच, ओली, मॅनेजरकडे गेले. सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. "रिपोर्ट बदलावा लागेल. वरून मला बोलणी बसतील. तुला पण लेखी ताकीद मिळेल." मी म्हटलं हो. ते म्हणाले, "टेस्ट द्यायचीच आहे. आणि आजपासून सकाळी खुर्चीपाशी दोन गार्ड. हे मी आधीच करायला हवं होतं."

दुपारी बोर्डावर नवा फोटो. मी आणि मावशी. टोपी काढून, केस विंचरून, माझी लिपस्टिक लावून! फोटो मनासारखा येईपर्यंत मावशींनी कोणालाही काम करू दिलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज दोघींकडे. सकाळी थेरपिस्ट मॅडम, संध्याकाळी कोचताई. एकीकडे रडायचं, दुसरीकडे ओरडायचं. थकले! पण खुर्चीवर अकरा मिनिटं बसले.

दादा म्हणाला, "एक कोच, एक थेरपिस्ट. आता एक अंपायर पण ठेव."

आई म्हणाली, "मी आधीच सांगितलं होतं ना!"

"आई, तू फक्त थेरपिस्ट म्हणालीस. कोचताईंनी पाठवलं नसतं तर मी तिथे परत गेलेच नसते."

"बरं बाई, अर्धं मीच सांगितलं होतं."

जेवताना माझी मान फिरायला लागली. आईने पोळी वाढता वाढता बोट दाखवत मोठ्याने मोजलं— "एक, दोन, तीन. सगळे आहेत. मी मोजलंय. आता तू जेव."

मी जेवले.

१ मार्च, शनिवार

पास!!! पूर्ण वीस मिनिटं. सगळ्या लेन. सगळी डोकी.

३ मार्च, सोमवार

पहिली शिफ्ट छान गेली. खाली उतरले तर बाकावर तीन नंबर आजोबा. कोट घालून, एकटेच. माझी वाट बघत होते.

"पोरी, मावशींकडून कळलं तू किती त्रास करून घेतलास. म्हणून आलो. मला तीन महिने चक्कर येत होती. डॉक्टर पोहू नका म्हणाले होते. तुला कळलं असतं तर बाहेर काढलं असतंस. म्हणून मी बघत बसायचो. तू दुसरीकडे वळलीस की मगच खोल बाजूला जायचो. त्या दिवशी पण."

राग आला. खूप. आणि त्याच वेळी इतकं मोकळं वाटलं की मी चक्क थँक यू म्हणाले! त्यांना न येता पण चाललं असतं. ते आले. कोणीही विचारलं नसताना.

मग हळूच म्हणाले, "आता गोळ्यांनी बरा आहे. उद्यापासून यायचं म्हणतो. तुझ्याच शिफ्टला. डॉक्टरांना काही विचारलेलं नाही. मॅनेजरला बोलू नकोस, पुलाचं मेंबरशिप कार्ड काढून घेतील. पाण्याशिवाय मी दिवसभर करू काय?"

मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. उद्या सातला ते येणार.

आज ज्यांनी मला मोकळं केलं, त्यांचंच कार्ड मी जाऊन काढून घ्यायला लावू? तू असतीस तर काय केलं असतंस?